खदानीच्या फाटकासमोरची भट्टी

खदानीच्या फाटकासमोर हॉटेल टाकायचं असं गोकुळानं कधी ठरवलं नव्हतं. हॉटेल आधी आलं, फाटक मागून आलं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे सावरबोडीत जो तो म्हणायला लागला की कंपनी आली म्हणून ही बाई वर आली. साफ खोटं. कंपनीचा एक खांबही गाडला नव्हता तेव्हापासून गोकुळा फाट्यावरच्या चिंचेखाली मासे रांधत होती.

सावरबोडी म्हणजे भद्रावतीकडून चंद्रपूरला जाताना आत वळलं की लागणारं गाव. धानाची थोडी शेती, बाकी सगळा जीव तलावावर. गडीमाणसं पहाटे जाळी काढायची आणि बाया टोपल्या डोक्यावर घेऊन दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मासे विकायला जायच्या. गोकुळाची जोडी गिरजाबाईशी. गिरजाबाई मुखरूची बायको, आणि मुखरू हा गोकुळाच्या नवऱ्याचा, डोमाचा, चुलतभाऊ. म्हणजे दोघी नात्यानं जावा. पण गोकुळा लग्न होऊन आली तेव्हा टोपली मानेवर न घेता कमरेवर कशी तोलायची, वळवळता मरळ राखेत धरून कसा सोलायचा, बंगल्यातल्या बाईशी कसं भांडायचं, हे सगळं तिला गिरजाबाईनं शिकवलं. "डोयात डोये घालून भाव सांग. खाली पाह्यलं का गेलीच समज," असं गिरजाबाई सांगायची. सासू नसलेल्या घरात गोकुळाला जे काही मिळालं ते या बाईकडून मिळालं.

एक दिवस दोघी वसाहतीच्या दारात पोचल्या तर फाटक बंद. कारखान्यात कोणी मोठा साहेब दिल्लीहून यायचा होता. पहारेकरी म्हणाला, "आज मच्छी-बिच्छी काही नाही, निघा." मासे काही साहेबासाठी ताजे राहून थांबत नाहीत. दोघी एसटीनं परत फाट्यावर उतरल्या तेव्हा टोपल्यांवर माशा घोंगावायला लागल्या होत्या. तिथे रस्ता रुंद करणारे मजूर चिंचेखाली बसून कोरड्या पोळ्या मिठासोबत चावत होते. गोकुळानं टोपली उतरवली, मुकादमाकडून एक घमेलं मागितलं, रेतीनं खसाखसा घासलं आणि तीन दगड मांडले. मीठ-मिरची मजुरांकडचीच. चिंच तर डोक्यावरच लटकत होती. पाल्यापाचोळ्याच्या जाळावर तिनं जे रांधलं ते मजुरांनी घमेलं बोटानं पुसून खाल्लं.

मुकादम म्हणाला, "माताजी, कल भी लाओगे?"

गोकुळा गिरजाबाईकडे बघायला लागली. गिरजाबाई टोपलीवरचं गोणपाट झटकत म्हणाली, "पाहून काय राह्यली माह्याकडं? तुह्या हाताले चव हाय. तू रांध, मी मासे आनून देतो."

हे १९९३ साल. पहिलं हॉटेल म्हणजे चार बल्ल्या आणि बांबूच्या ताट्या. डोमानं त्या स्वतः विणल्या. तो कमी बोलणारा माणूस. बायको हॉटेल टाकते म्हणून मोहल्ल्यात हसू झालं तेव्हा त्यानं ताट्यांवर मातीचा लेप दिला आणि एक मोठी भट्टी थापली. गिरजाबाईनं स्वतः हॉटेलात यावं असं गोकुळाला फार वाटायचं, पण मुखरू आडवा आला. "माह्या घरची बाई दुसऱ्याच्या ताटवाट्या घासन नाई," म्हणाला. तरी रोज सकाळी पहिली टोपली गिरजाबाई हॉटेलात उतरवायची, भट्टीजवळ बसून चहा प्यायची आणि गंजातला, म्हणजे मोठ्या पातेल्यातला, रस्सा हातावर घेऊन चाखायची. "मीठ कमी हाय," म्हणायची, आणि मीठ कमीच असायचं.

अंबाडीच्या पाल्यातले मासे आणि वाफाळता भात, एवढंच त्या हॉटेलात मिळायचं. ट्रकवाले ते खायला भद्रावतीचं जेवण चुकवून फाट्यापर्यंत उपाशी यायला लागले. मसाला वाटायला गुणाबाई नावाची एक विधवा आली आणि तिथलीच होऊन राहिली. ताट्या जाऊन टिनाचं छप्पर झालं, बाकडी झाली. चंद्रपूरच्या पेंटरनं पाटी रंगवली, "गोकुळा भोजनालय", आणि शेजारी एक मासा काढला. तो मासा बघून गिरजाबाई म्हणाली, "हा मासा हाय का चप्पल?" पाटी मात्र ती येता-जाता बघायची. गोकुळाच्या नावाची अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात ते तिनं विचारून ठेवलं होतं.

मग खदान आली. आधी मोजणीवाले आले, ते गोकुळाकडे जेवले. मग बोअर मारणारे आले, तेही जेवले. मग हॉटेलच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, कंपनीचं फाटक उभं राहिलं आणि आत जमीन फाडायला सुरुवात झाली. सुरुंग उडाला की भट्टीवरच्या गंजातला रस्सा हिंदकळायचा. उकरलेल्या मातीचे डोंगर नेमके तलावात पाणी आणणाऱ्या नाल्यावर रचले गेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तलाव भरलाच नाही. तिसऱ्याला जे पाणी आलं ते चुन्यासारखं पांढुरकं होतं, त्यात मरळ जगत नाही. कंपनीचा साहेब म्हणाला, पाऊस कमी झाला. पाऊस कमी झाला म्हणे. शेजारच्या गावचे तलाव काठोकाठ भरले होते, तिथे बहुतेक वेगळा पाऊस पडत असावा.

जाळी खुंटीला लटकली. मुखरूसारखी माणसं, ज्यांनी जन्मात कोणाची हजेरी लावली नव्हती, ती ठेकेदाराच्या हाताखाली खदानीत झाडूकाम आणि दगड वेचायला गेली. गोकुळाच्या हॉटेलात मात्र बाकडी कमी पडायला लागली. ट्रक, डंपर, वेल्डर, बिहारचे, आंध्रचे, सगळे तिच्याकडे. मासे आता वैनगंगेकडून, कधी सिरोंच्याकडून बर्फात यायचे. मोहल्ल्यातल्या बाया तोंडावर बोलायच्या, "तुह्यं बरं हाय, गोकुळा. आमचा तलाव आटला अन् तुहा गंज भरला."

ती ऐकून घ्यायची, तशी ती ऐकून घेणारी बाई नव्हती. पण हे बोलणं तिला लागायचं, कारण त्यात खोट काढता येत नव्हती. म्हणून ती मोहल्ल्यासाठी काय काय करायची. कोणाच्या घरी लग्न निघालं की हॉटेलातली भांडी जायची. गावच्या संघर्ष समितीच्या बैठका तिच्याच टिनाखाली व्हायच्या, चहासकट. समितीचा पुढारी वामनराव. पांढरा सदरा, खिशाला दोन पेन, जवळच्या गावात कोरडवाहू कापूस-सोयाबीन आणि भद्रावतीत ओळखी. बोलायला लागला की माणसं हलायची नाहीत. गोकुळाही हलायची नाही. तिला एकच हवं होतं: हॉटेल चालावं आणि गावानं तिला आपली म्हणावं. दोन्ही. त्यातलं एक सोडून दुसरं नको होतं. गिरजाबाई रोज सकाळी भट्टीजवळ येऊन बसते तोवर गाव आपलंच आहे, असा तिचा हिशेब होता. टोपली आता रिकामी असायची, पण गिरजाबाई यायची.

फाल्गुनात, होळीच्या आधी, खदानीत मागे येणाऱ्या डंपरखाली मुखरू सापडला.

ठेकेदाराची माणसं म्हणाली, तो कामावर नव्हताच, रस्त्यानं जात होता. हजेरीवर त्याचं नाव नाही, असंही म्हणाली. सरकारी दवाखान्यातून चिरफाड होऊन मढं परत आलं, तेव्हा गावानं ते घरी नेलं नाही. थेट फाटकासमोर उतरवलं, हॉटेलच्या तोंडाशी. वामनराव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढला आणि म्हणाला, "मुखरूच्या पोराला, निकेशला, कंपनीची कायम नोकरी लेखी मिळाल्याशिवाय हे मढं हलणार नाही." सगळ्यांनी हात वर केले. गोकुळानंही केला.

आणि तिनं मागे जाऊन भट्टीत पाणी ओतलं.

ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, मोहल्ल्यात मयत झाली की मढं उचलेपर्यंत कोणाच्या घरी चूल पेटत नाही. हे कोणी कोणाला सांगत नाही. रडणं ऐकू आलं की बाई आपसूक चुलीतलं लाकूड बाहेर ओढते. माती देऊन माणसं परत आली, आंघोळी झाल्या, की मग धूर निघतो. रीत जुनी आहे आणि बरी आहे. पण ज्यांनी ती घातली त्यांनी सकाळी मेलेला माणूस दुपारपर्यंत नदीवर पोचतो असं धरलं होतं. मागणीसाठी मढं बर्फावर ठेवून बसायचं हे त्यांच्या काळात कुठे होतं? आणि ज्यांनी मढं बसवलं, त्या शहाण्या पुढाऱ्यांनी पोटाचा विचार केला नव्हता. मोर्चात पोट धरायचं असतं हे त्यांना कळतच नाही, त्यांना घरून डबा येतो.

पहिला दिवस गेला. भद्रावतीहून बर्फाच्या लाद्या आल्या, त्यांवर लाकडाचा भुसा. गिरजाबाई मढ्याच्या पायाशी बसली होती, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. गोकुळा तिच्या शेजारी जाऊन बसली.  रस्ता दोन्ही बाजूंनी अडला होता आणि उभ्या ट्रकांचे ड्रायव्हर येऊन बंद भट्टी बघून परत जात होते. कोणी कुरकुर केली नाही. ड्रायव्हर लोकांना मढं कळतं.

बंदोबस्ताचे पोलीस आदल्या संध्याकाळपासून उभेच होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या साहेबाची गाडी आली. साहेब उतरला, हॉटेलची पाटी वाचली आणि गोकुळाला बोलावलं.

"बाई, माझी पोरं काल संध्याकाळपासून उपाशी आहेत. डाळ-भात टाका."

"मढं हाय सायेब."

"मढं रस्त्यावर आहे. तुमच्या हॉटेलात नाही ना?"

"आमच्या घरचं मढं हाय."

साहेबानं टिनाकडे, मग रस्त्याच्या कडेकडे बघितलं. "हे हॉटेल रस्त्याच्या जागेत येतं म्हणतात. खरं का?"

"खरं असन."

"विचार करा."

"करून राह्यली न सायेब. मढं उठू द्या, मंग तुमाले मासे खाऊ घालतो."

साहेब हसला आणि गेला. डोमा मागे उभा राहून ऐकत होता, तो म्हणाला, "पाडतीन वं हे." गोकुळा म्हणाली, "पाडू दे. घमेल्यात रांधून सुरू केलं होतं." त्या घटकेला तिच्या मनात तिळभर शंका नव्हती. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण नंतर लोकांनी सांगितलं की ती साहेबाला भ्यायली.

ती भ्यायली नाही. दुपारी ऊन रणरणायला लागलं आणि मोहल्ल्यातली लेकरं रडून रडून थकली. रडत होती तोवर बरं होतं. एका बाईच्या मांडीवरचं पोरगं नुसतं तोंड उघडून बघत होतं. दोघं-तिघं चिंचेखालची कच्ची चिंच आणि माती खात होती. गुणाबाई पाणी आणायला उठली आणि तिथेच आडवी झाली. गोकुळा वामनरावाकडे गेली. तो सकाळी मोटारसायकलनं भद्रावतीला, वरच्या साहेबांशी बोलायला म्हणून, जाऊन नुकताच आला होता.

"भाऊ, लेकराइचं काई तरी करा. मोठे माणसं सोसतीन. लेकरं नाई सोसत."

"थोडा दम धरा, गोकुळाबाई. लढाईत पोट विसरावं लागतं."

तो हे हात हलवून बोलत होता, आणि गोकुळाची नजर त्याच्या बोटांवर गेली. नखं पिवळीधम्मक होती. ज्या बाईचा जन्म रश्श्यात गेला तिला ताज्या हळदीचं नख सांगावं लागत नाही.  गोकुळाच्या डोक्यात सणक गेली ती तिथेच.

ती मागे आली आणि डोमाला म्हणाली, "लाकडं दे."

"काऊन?"

"लेकराइपुरता भात टाकतो. फोडनी नाई, हयद नाई, तेल नाई. नुसता भात अन् डाईचं पानी."

"चूल कशी पेटवशीन वं?"

"चूल नाई. भट्टी हाय. चूल घरी हाय, थे विझलेलीच हाय."

डोमानं लाकडांना हात लावला नाही. मग म्हणाला, "गिरजाबाईले एकडाव इचारून घे."

रस्ता ओलांडला की गिरजाबाई. विचारायला किती वेळ लागला असता? पण गोकुळाला वाटलं, नवऱ्याच्या मढ्याशी बसलेल्या बाईला भाताचं कसं विचारायचं. आणि विचारलं आणि ती नाही म्हणाली, मग? "इचारलं अन् नाई म्हटलं तं लेकरं मरतीन," ती म्हणाली आणि स्वतःच लाकडं ओढली. पुढच्या सगळ्या आयुष्यात तिनं चुकीचं म्हणून जर काही धरलं असेल, तर ते एवढंच. भट्टी पेटवल्याचं तिनं कधी चूक मानलं नाही. न विचारल्याचं मानलं.

धूर टिनावरून वर गेला. रस्त्यावरच्या सगळ्या माना एकदम वळल्या.

लेकरांना तिनं मागच्या अंगणात रांगेनं बसवलं, पळसाच्या पानांवर भात वाढला. मोहल्ल्यातल्या बाया आपापली पोरं आणून सोडत होत्या, तिच्याकडे न बघता. सगळं तिथेच निभलं असतं. पण कुंपणाशी एक शिपाई येऊन उभा राहिला. कोवळा, ओठ फुटलेले, टोपी हातात. त्यानं काही मागितलं नाही. नुसता गंजाकडे बघत होता. गोकुळाचा हात इतकी वर्षं एकच काम करत आला होता. समोर भुकेलं तोंड आलं की पळी भरायची. तिनं पान उचललं, त्याला वाढलं. त्याच्या मागे दुसरा होता. मग तिसरा. चौथ्याला वाढताना साहेब स्वतः आला आणि मोठ्यानं म्हणाला, "चला रे, हॉटेल सुरू झालं. बसून घ्या." आणि पोलिसांची अख्खी ओळ येऊन पुढच्या बाकड्यांवर बसली. पुढच्या, म्हणजे रस्त्याकडच्या. मढ्यापासून हाकेच्या अंतरावर.

गोकुळानं पळी गंजात टाकली ती पुन्हा काढली नाही. पण वाढलं ते वाढलं.

ट्रॉलीवर वामनराव चढला. त्याच्या आवाजात असं दुःख होतं की दगडाला पाझर फुटावा. "आपल्याच माणसानं घात केला," तो म्हणाला. "मढं समोर असताना मुखरूच्याच जातीच्या हॉटेलात पोलिसांची पंगत बसली. आता कंपनीसमोर कोणत्या तोंडानं ताणायचं?" मग त्यानं समझोता जाहीर केला. निकेशला नोकरी, पण ठेकेदाराकडे. लेखी काही नाही, शब्द आहे. दोन तासांत मढं उचललं गेलं.

हा समझोता सकाळीच भद्रावतीत, ठेकेदारासोबत जेवताना ठरला होता. मोहल्ल्यातल्या अर्ध्या माणसांना ते पुढे कळलं. डोमाला ते ठेकेदाराच्या ड्रायव्हरनं तोंडावर सांगितलं. पण वामनरावाला विचारणार कोण? निकेशची नोकरी त्याच्या शब्दावर, आणि पुढच्या पोरांच्या नोकऱ्याही त्याच्याच शब्दावर. धुराला मात्र कोणाचा शब्द नव्हता. धूर गोकुळाच्या टिनावरून निघाला होता आणि सगळ्यांनी पाहिला होता.

तिरडी उचलली तेव्हा गोकुळा पुढे आली. गिरजाबाईनं पदर वर केला. डोळे कोरडे होते.

"माह्या मानसाच्या मढ्यापुढं तू पंगत बसवली," ती म्हणाली.

"बाई, लेकराइसाठी–"

"मले इचारलं नाई तू."

एवढंच. आवाज चढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीजवळची जागा रिकामी होती.

जातीची बैठक बसली. पंचांनी सांगितलं, मोहल्ल्याला जेवण दे, पाणी वाढ, सगळं मिटलं. गोकुळाचं रक्त उकळलं होतं, पण डोमानं हात धरला म्हणून तिनं मान हलवली. तिनं जेवण दिलं आणि असं दिलं की मोहल्ल्यात तसं कोणी खाल्लं नव्हतं. मरळ आणले, सिरोंच्याचे झिंगे आणले. सगळे आले. वामनराव दुसऱ्या जातीचा, तरी पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसला आणि तिसऱ्यांदा रस्सा मागताना म्हणाला, "गोकुळाबाई, तुमच्या हाताला तोड नाही." निकेश आला, मान खाली घालून जेवला. एका पानावर गोकुळानं कोणाला बसू दिलं नाही. त्यावर वाढलेला भात थिजून गेला. ज्या बाईसाठी एवढी माणसं जेवू घातली ती घराच्या दाराला आतून कडी लावून बसली होती.

त्यानंतर हॉटेल वाढतच गेलं. रस्त्याच्या जागेत येतं म्हणून कोणी पाडलं नाही. साहेब लोकांना तिथे जेवायची सवय लागली होती. टिनाच्या जागी स्लॅब पडला. आंध्रची मासळी बर्फाच्या गाडीतून दारात उतरायला लागली. तलाव मातीच्या ढिगाऱ्याखाली गेला, मग सावरबोडीही उठली. रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या घरांची नवी वसाहत झाली. एका ओळीतली, सारखीच घरं. चुलीला जागा नव्हती, गॅसचा ओटा होता. डोमा त्या घरात एक हिवाळा राहिला आणि दम लागून गेला. त्या दिवशी गिरजाबाई आली, मढ्याच्या पाया पडली, गोकुळाकडे न बघता गेली. दोघींत तेवढंच येणंजाणं झालं.

ठेकेदार बदलला, नवा म्हणाला, जुन्याचा शब्द मला माहीत नाही. निकेशची नोकरी गेली. तो मिरची तोडायला तेलंगणाकडे जायला लागला आणि गिरजाबाईनं म्हातारपणी पुन्हा टोपली उचलली. बर्फाचे शिळे मासे घेऊन ती हॉटेलवरून जायची. गोकुळानं गुणाबाईला पाठवून तिची अख्खी टोपली विकत घ्यायला लावली. दोन-तीन वेळा घेतली. मासे कुठे जातात ते गिरजाबाईला कळलं, तेव्हापासून ती शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या लांब वाटेनं जायला लागली. काट्याकुट्यातून, त्या वयात.

२००६ च्या उन्हाळ्यात गिरजाबाई त्याच धुऱ्यावर पडली, घरी आणली आणि गेली. निकेश तेलंगणात. तो येईपर्यंत मढं ठेवावं लागणार होतं.

गोकुळानं सगळ्या भट्ट्या आणि शेगड्या बंद केल्या. दारात ट्रक उभे होते. ती वसाहतीत आली आणि गिरजाबाईच्या पायाशी बसली. गुणाबाई शेजारी. आणखी चार-पाच बाया येऊन, बसून, गेल्या. ऊन कललं तसा शेजारच्या घरातून कुकरच्या शिट्टीचा आवाज आला. मग पलीकडच्या घरातून. मग रस्त्यापलीकडून. गॅसला धूर नसतो. कोणाची मान वळली नाही.

गुणाबाई हळूच म्हणाली, "आयकून राह्यली का?"

"आयकून राह्यली."

"याइले कोनी काई म्हनत नाई वं?"

"कोन म्हनन?" गोकुळा म्हणाली आणि गिरजाबाईच्या पायावरची माशी हाकलली.

निकेश दुसऱ्या दिवशी आला, मिरचीनं डोळे सुजलेले. माती झाली. रीतीप्रमाणे परतल्यावर भाऊबंदांनी त्या घरी कडू घास, म्हणजे मयतानंतरचं पहिलं जेवण, आणायचा असतो, त्या दिवशी त्या घरात काही रांधत नाहीत. भाऊबंद नदीवरूनच आपापल्या पाळीला निघून गेले. ज्याला त्याला वाटलं, दुसरा कोणी नेईल.

तिसऱ्या प्रहरी निकेश हॉटेलात आला. केस नुकतेच उतरवलेले, डोकं ओलं. गोकुळा बंद भट्टीसमोर बसली होती. तो बाकड्यावर बसला.

"काकी, वाढ. कालपासून काई खाल्लं नाई."

गोकुळा उठली. उठून उभीच राहिली.

"तुह्या मायनं माह्यावाल्या हातचं सोडलं होतं, निकेश."

"मले मालूम हाय. मी तं खातो न. पंगतीत खाल्लं होतं."

"तवा ते जित्ती होती. तुले जाऊ देल्लं तिनं, म्हून तू आला. आज तिचा घास हाय हा. तिच्या नावाचा."

"माय मेली, काकी."

"म्हनूनच. आता इचारू कोनाले?"

निकेश तिच्याकडे बघत राहिला. बाई वेडी झाली का, असं त्याच्या तोंडावर होतं. मग तो हसला, त्यात राग होता. "पोलिसाइले वाढलं होतं तू," म्हणाला.

"हो," गोकुळा म्हणाली. "वाढलं होतं."

तो उठला, रस्ता ओलांडला आणि फाटकाला लागून एका पंजाब्यानं नव्यानं टाकलेल्या ढाब्यावर जाऊन बसला. गुणाबाई म्हणाली, "काऊन वं असं केलं? पोट्टा उपाशी हाय." गोकुळा दारात जाऊन उभी राहिली. पलीकडे त्याच्यापुढे ताट आलं. तो घाईघाईनं, वाकून, डोकं ताटात घालून जेवत होता. कोणता घास कोणाच्या नावाचा, हे त्या ढाब्यावर कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. त्याचं ताट रिकामं होईपर्यंत ती तिथेच होती. तो उठून, हात धुऊन, वसाहतीकडे चालू लागला. त्यानं मागे वळून बघितलं नाही.

ट्रकवाले हॉर्न देत होते. गोकुळा आत आली आणि गुणाबाईला म्हणाली, "मसाला वाट. गाड्या उभ्या हायेत."